निवांतपणाची पूर्वतयारी

आमच्या लासूर स्टेशनात समुद्राचा उल्लेख फक्त एका ठिकाणी आहे. फलाटाच्या टोकाला जी पिवळी पाटी उभी आहे, तिच्यावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ही उंची अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे समुद्र आमच्यापासून नुसता लांब नाही, चांगला खालीही आहे. रेल्वेला ही माहिती प्रवाशांना का द्यावीशी वाटते, हे मला कधी कळलं नाही. पोटूळला चढून करंजगावला उतरणाऱ्या माणसाला मध्येच आपण समुद्रापासून किती उंच आहोत याची काळजी लागलेली मी तरी पाहिली नाही.

पण १९८४ साली, लग्न होऊन आठ-दहा दिवस झाले असतील नसतील, मी आमच्या हिला याच पाटीखाली उभं करून म्हणालो होतो, "एकदा तुला समुद्र दाखवीन." मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, गणिताचा मास्तर म्हणून नुकताच कायम झालो होतो, आणि कायम झालेला माणूस काय वाटेल ते बोलतो. शिवाय मधुचंद्राची थोडी भरपाई करणं भाग होतं. मधुचंद्राला आम्ही वेरूळला गेलो होतो. 'आम्ही' म्हणजे मी, ही, आमची आई, आईच्या दोन बहिणी आणि एका बहिणीचा नातू. घृष्णेश्वराचा अभिषेक झाला, प्रसादाचं जेवण झालं, आणि कैलास लेण्यात एका हत्तीपाशी मी हिच्याशी दोन वाक्यं बोललो. त्यातलं एक "मावशींना हात दे" असं होतं.

समुद्र दाखवायचं मी विसरलो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरी या बाबतीत वेगळं मत आहे. मला मात्र दर वर्षी एक खरंखुरं कारण मिळत गेलं. त्या काळी आमची लाइन मीटरगेज होती. मुंबईकडे जायचं तर मनमाडला उतरायचं, ट्रंक उचलायची आणि मोठ्या गाडीत घुसायचं. मी म्हटलं, रूळ रुंद होऊ देत, मग एकाच गाडीत बसून ऐटीत जाऊ. रूळ रुंद व्हायला १९९२ साल उजाडलं. तोवर पदरात दोन मुलं होती. मग म्हटलं, कोकणात रेल्वे होतेय, ती होऊ दे. ती १९९८ साली झाली, आणि मग थोरल्याची दहावी आली. पुढे उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासणं, दिवाळीत हिचं माहेर वैजापूर, मध्ये आईचं आजारपण. दुष्काळ तर आमच्याकडे न बोलावता येतो. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागत होतं. त्या वर्षी पैसे खर्च करून नुसतं पाणी बघायला जायचं, हा विषय काढायचीसुद्धा लाज वाटली. आणि २०१८ साली मी निवृत्त झालो तेव्हा माझ्याकडे सवड इतकी झाली, की तिचं काय करावं या विचारातच दोन वर्षं गेली आणि मग सगळ्या जगालाच घरात बसावं लागलं.

गोष्ट पुन्हा निघाली ती गुडघ्यांमुळे. हिचे दोन्ही गुडघे गेली पाचसात वर्षं कुरकुरत होते. शेवटी छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद म्हटलं की हल्ली मला माझाच नातू दुरुस्त करतो) एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरून पाहिले आणि जानेवारीत एकेक करून दोन्ही बदलू म्हणाले. पंख्याची बेअरिंग बदलावीत इतक्या सहजपणे. ही म्हणाली, "मग सगळं करता येईल ना पहिल्यासारखं?" डॉक्टर म्हणाले, "सगळं. चालाल, जिने चढाल. फक्त खाली मांडी घालून बसायचं नाही. खुर्चीत बसायचं."

परतीच्या एस. टी.त ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. दौलताबादचा किल्ला गेला, तरी गप्प. दौलताबादचा किल्ला आला की ही नेहमी त्याला नमस्कार करते, का ते तिलाही माहीत नाही. त्या दिवशी तोही राहिला. मग एकदम म्हणाली, "वाळूत खुर्ची रुतत असेल नाही?"

"कुठल्या वाळूत?"

"समुद्राच्या."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी इतका कोंडीत कधी सापडलो नव्हतो. घरी येऊन चपला काढायच्या आत मी जाहीर केलं, की डिसेंबरात, ऑपरेशनच्या आधी, आपण चार दिवस समुद्रावर जायचं. निवांत. दोघंच.

'दोघंच' हा शब्द आमच्या गावात किती स्फोटक आहे, याची मला कल्पना नव्हती. लासूर स्टेशन हे बाजाराचं गाव. कांदा, कापूस, मका यांच्या गाड्या, अडते, हमाल आणि चहाच्या टपऱ्या. इथं माणूस एकटा जातो तो मालाच्या मागे, आणि दोघं जातात ती दवाखान्यात, नाहीतर कोर्टात. बाकी कुठंही जायचं म्हणजे क्रूझर भरून. लासूरगावच्या दाक्षायणी देवीला नवरात्रात जायचं, हे अंतर हाकेचं, तरी त्यासाठी आम्ही अकराजण निघतो. त्यामुळे मी स्टेशनसमोरच्या टपरीवर सहज सांगितलं तेव्हा चहावाल्यानं गाळणी तशीच धरून विचारलं, "दोघंच? काहून सर? पोरांचं काही झालं का?"

"छे रे. सहज जातोय. निवांत."

"बरं बरं," असं तो म्हणाला खरा. पण चहाचे पैसे घेताना त्यानं माझा हात जरा जास्त वेळ हातात धरला. संध्याकाळपर्यंत आमच्या मुलांनी आम्हांला टाकल्याची बातमी रेल्वे फाटकापलीकडे गेली होती. रात्री पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, काही गैरसमज झालाय का? आपण बोलूया." सून मागून म्हणत होती, "आईंना फोन द्या, आईंना."

हे निस्तरतंय तोवर सल्ले सुरू झाले. समुद्रापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवरच्या या गावात समुद्राचे इतके जाणकार असतील असं मला वाटलं नव्हतं. आमचे शेजारी अडत्याचा व्यवसाय करतात. ते म्हणाले, गणपतीपुळेच. देवळाची पायरी उतरलं की समुद्र, एका खर्चात दोन कामं. आमचा न्हावी म्हणाला, मालवण, तिथली मासळी... आणि मग आम्ही माळकरी असल्याचं आठवून त्यानं वस्तरा आणि विषय दोन्ही बदलले. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी अलिबाग सुचवलं. ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जाता येतं म्हणे. "आणि भरती आली तर?" असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी, त्यांच्या सहलीतली तेवीस मुलं आणि ते स्वतः तिथं किती तास अडकले होते ते सांगितलं. त्यांना ती सहल अजून सुखाची वाटते, कारण त्या दिवशी एकही मूल पळून जाऊ शकलं नव्हतं. मेहुण्यांचा मुलगा म्हणाला, "काका, गोवा!" आणि दार लावून घेतलं. त्याचं म्हणणं, समृद्धी महामार्ग आता थेट मुंबईच्या दारापर्यंत गेलाय, रस्त्यानं उडत जाल. मी म्हटलं, बाबा, मला उडत जायचं नाही, निवांत जायचंय. यावर त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी वर्गात 'ढ' मुलांकडे पाहायचो तसं होतं.

अखेर मी गुहागर ठरवलं. कारण सांगू का? लांबलचक किनारा, सुरूची झाडं, नारळी-पोफळीच्या वाड्या, हे सगळं आहेच. पण माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट ही, की गुहागरला आमचं कुणी नव्हतं. ना सोयरे, ना भाडेकरू, ना माझा माजी विद्यार्थी. निवांतपणाची व्याख्या मी अशी केली होती, की जिथं कुणी "सर!" म्हणून मागून हाक मारणार नाही.

ही व्याख्या तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी थोरल्या वन्संना कळलं. त्या म्हणजे माझ्या मोठ्या बहीण. त्या म्हणाल्या, "अरे, मग चिपळूणला आपल्या जाऊबाईंच्या भाचीकडे उतर. रस्त्यावरच आहे. नाही उतरलास तर त्यांना काय वाटेल?" त्या भाचीला मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, तिला काय वाटणार? पण वन्संनी लगेच फोन लावलाही. त्यात धाकटीला कळलं, आणि ती म्हणाली, "दादा, आम्हीही येतो की. तेवढीच वहिनीला सोबत." तिच्या यजमानांनी गाडीचा हिशेब केला: चौघांपेक्षा सहा परवडतात, सहांपेक्षा अकरा. आता एवढ्या लांब जातोच आहोत तर वाटेत महाड, रायगड, आणि येताना कोल्हापूर. अंबाबाई नाही झाली तर काय उपयोग? मग पंढरपूर वाकडं पडत नाही. एका रविवारी आमच्या ओटीवर नऊ माणसं वही घेऊन आमचा निवांतपणा आखत होती. त्या आखणीत समुद्राला तिसऱ्या दिवशी सकाळी सात ते पावणेआठ एवढा वेळ मिळाला होता.

मी नेहमीप्रमाणे मान डोलावत होतो. मान डोलावणं हा माझा स्वभाव आहे; मुख्याध्यापकांच्या पंधरा वर्षांच्या सहवासात तो पक्का झाला. ही चहाचा ट्रे घेऊन आली, ट्रे खाली ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन या. आम्ही दोघं मागून जातो."

ओटीवर शांतता पसरली. धाकटीचे यजमान म्हणाले, "वहिनी, रागावलात का?"

"नाही हो. रागावले असते तर चहा केला असता का?"

त्या रात्री तिनं मला अटी सांगितल्या. पहाटे उठायचं नाही. कुणाकडे उतरायचं नाही. आणि देवळं नकोत. शेवटच्या अटीला मी दचकलो. चाळीस वर्षं चतुर्थी, एकादशी, नवरात्र न चुकवणारी बाई! मी म्हटलं, "अगं, तिथं व्याडेश्वर आहे, दुर्गादेवी आहे. पुढे हेदवीला दशभुज गणपती आहे. वेळणेश्वर..."

"असू देत. त्यांना लांबूनच नमस्कार. देवळात गेलं की मला कुणाकुणासाठी मागावं लागतं, त्यात तास जातो. मला चार दिवस कुणासाठी काही मागायचं नाहीये."

मग मी कामाला लागलो. गणिताच्या मास्तराला निवांतपणासुद्धा वेळापत्रकाशिवाय सुचत नाही. चौकोनी कागदावर तक्ता आखला. त्यात 'सकाळी ७.३० ते ८.१५ निवांत बसणे', 'सायंकाळी ५.०० ते ६.०० मोकळेपणाने गप्पा' असे तास पाडले, आणि मधली सुट्टीही ठेवली. हिनं तो कागद घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल तेव्हापासून डगमगत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या गणिताची कामी आली. समुद्रावर जायचं तर भरती-ओहोटी ठाऊक हवी. आपल्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असली तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. दर दिवशी भरती सुमारे पाऊण तास पुढे सरकते, हे त्यातच आलं. पस्तीस वर्षं मी पोरांना अपूर्णांक शिकवले आणि 'सर, याचा उपयोग काय?' या प्रश्नावर छड्या दिल्या; उत्तर सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरात लटकत होतं. मी रोज सकाळी तिथी पाहून भरती काढू लागलो. दूधवाला आला की सांगायचो, "आत्ता ओहोटी." तो बिचारा भाव उतरला म्हणून घाबरायचा. मग हळूहळू हीच विचारायला लागली. भाकरी थापता थापता आतून आवाज यायचा, "अहो, आत्ता काय चालू असेल तिकडे?" मी कॅलेंडर बघून म्हणायचो, "चढतंय पाणी. तासाभरात भरेल." "बरं," असं म्हणून ती भाकरी उलटायची. घरात कुणीतरी आजारी आहे आणि आम्ही ताप बघतोय, असं पाहुण्याला वाटावं.

आता खरं सांगायचं तर, या सगळ्या गडबडीत मला एक धास्ती वाटत होती आणि ती मी कुणाला बोललो नव्हतो. चार दिवस आम्ही दोघं बोलणार काय? आमच्या घरातलं संभाषण असं: सिलेंडर आलं का, लाइट बिल भरलं का, मुलाचा फोन आला का, नळाला पाणी आज की उद्या. यातलं गुहागरला काहीच असणार नव्हतं. समुद्रासमोर बसून दुसऱ्या तासाला मी काय विचारू? 'पाणी आलं का?'

म्हणून मी रंगीत तालीम सुचवली. तालमीशिवाय मी कधी स्नेहसंमेलनसुद्धा होऊ दिलेलं नाही. एका संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकली. हिला बसायला पाच मिनिटं लागली: एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्याला, तोंडानं 'विठ्ठला' (म्हणजे देवाला लांबूनच). शेवटी तिनं मांडी घातली आणि आम्ही पश्चिमेकडे तोंड करून निवांत बसलो. समोर बाजार समितीचे पत्रे आणि त्यांच्यामागे सूर्य. दहा मिनिटं गेली.

"गॅस बंद केलाय ना?" ही म्हणाली.

"केलाय."

पुन्हा दहा मिनिटं. मनमाडकडे एक मालगाडी गेली. मी डबे मोजले. अठ्ठावन्न. मी मनात म्हटलं, आपली धास्ती खरी ठरणार. आणि तेवढ्यात ही म्हणाली, "सातवीत आम्हांला महाराष्ट्राचा नकाशा काढायला सांगितला होता."

मला हे नवीन होतं. "मग?"

"माझा पहिला आला असता. डोंगर, नद्या, सगळं बरोबर. गोदावरी तर अशी काढली होती... शेवटी समुद्र रंगवायला घेतला आणि निळा खडू संपला. रत्नागिरीपर्यंत आला आणि संपला. नवा आणायला बाबांकडे पैसे मागायची हिंमत नव्हती. खालचा समुद्र तसाच पांढरा राहिला. बाई म्हणाल्या, समुद्र अर्धा कसा? दहापैकी सहा दिले."

"रत्नागिरीपर्यंत ना? म्हणजे गुहागर निळ्यात येतं," मी म्हणालो.

"हो? येतं?" ती जरा सरसावून बसली. खाली जाऊन मी शाळेतला जुना नकाशा आणला आणि बोट ठेवून दाखवलं. येतं. त्या गच्चीवर आम्ही दिवे लागून गेल्यावरही बसलो होतो. एकेचाळीस वर्षांत ही गोष्ट मला का सांगितली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही गणिताचे. भूगोलात तुम्हांला काय सांगायचं?" मग तिला उठवायला मला खालून भाडेकरूच्या मुलाला बोलवावं लागलं, कारण उठवताना माझी कंबर धरली. दोघांपैकी कोण कुणाला उठवतंय ते त्या मुलाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तिकिटांचं फार सांगण्यासारखं नाही. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं. बरोबर साठाव्या दिवशी मी संगणकासमोर आंघोळ करून बसलो, तरी कोकणच्या गाडीत आम्ही प्रतीक्षा यादीत अकरा आणि बारा. रोज ते आकडे मी हिला भरतीबरोबर सांगायचो. शेवटी हिचं तिकीट पक्कं झालं आणि माझं आर. ए. सी.त अडकलं, म्हणजे कुणा परक्या गृहस्थाबरोबर अर्ध्या बाकावर बसून जायचं. दोघंच निघालेल्या प्रवासात हे तिसरं माणूस रेल्वेनं परस्पर घुसवलं. ही म्हणाली, "बसा माझ्या पायाशी. चाळीस वर्षं मी काय करत आले?"

सामानाचं मात्र सांगायला हवं. दोन माणसं, चार दिवस, निघालं काय? दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, चिवडा, लाडू. शेक घ्यायची पिशवी. नऊवारी नको म्हणून दोन पंजाबी ड्रेस, जे ही आयुष्यात पहिल्यांदा घालणार होती आणि जे गावातल्या कुणाला दिसू नयेत म्हणून सगळ्यात तळाशी होते. आणि पाच किलो कांदे. मी म्हटलं, "अगं, कोकणात कांदे मिळतात." तर म्हणाली, "लासूरहून निघालोय आणि हात हलवत जायचं?" कुणाला द्यायचे ते ठरलेलं नव्हतं. ज्या गावी कुणी ओळखीचं नाही म्हणून मी आनंदात होतो, त्या गावी कुणाशी तरी ओळख करून घेण्याची ही सोय होती. शिवाय पाण्याचा वीस लिटरचा कॅन. समुद्राला निघालेला मराठवाड्याचा माणूस बरोबर पाणी घेऊनच निघतो. कॅन मी ओसरीवर काढून ठेवला, तिनं तो पुन्हा आत घेतला. शेवटी पाच लिटरवर तडजोड झाली.

निघायच्या रात्री आम्ही गाडीच्या एक तास आधी फलाटावर. पोचवायला नको म्हटलं तरी चौदा माणसं आली होती. चहावाल्यानं कुणी न मागता चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. मुलांनी टाकल्याचं त्याच्या मनातून अजून गेलं नव्हतं. गाडी चाळीस मिनिटं उशिरा असल्याचं कळलं तशी एकेक जण निरोप घेऊन गेला. फलाट रिकामा झाला. आम्ही टोकाच्या बाकावर बसलो होतो, त्या पिवळ्या पाटीजवळ. हिनं चष्मा लावला आणि बारीक अक्षरं वाचली.

"एवढे आपण वर आहोत?"

"एवढे."

"मग उतारच आहे सगळा," ती म्हणाली आणि गुडघ्यांवरून हात फिरवला. थोड्या वेळानं, "परवा तिथी कोणती?"

"षष्ठी. म्हणजे साडेचारला भरती."

"आणि गाडी चाळीस मिनिटं लेट. समुद्र रोज पाऊण तास लेट होतो म्हणालात ना?"

"हो."

"मग चुकायची नाही," असं म्हणून तिनं कांद्याची पिशवी पाठीशी नीट लावली आणि दशम्यांचा डबा उघडला.